सहीचा फोटो शेवटी: परदेशी सहकार्य आणि मानांकन कोणत्या क्रमाने करायचं

दर उन्हाळ्यात जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून ठरलेला फोन येतो. "सर, परदेशी विद्यापीठाशी एमओयू झाला. पेपरात बातमीही आली. आता पुढं काय करायचं?" पुढं काय करायचं हेच ठरलं नव्हतं, तर सही कशावर केली?

ही चूक मीही केली आहे. एका संस्थेत समन्वयक असताना आम्ही वर्षभरात चार करार केले. पुढे संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पडताळणीत प्रत्येक कराराखाली कोणत्या वर्षी काय काम झालं, त्याचे पुरावे मागितले गेले. तीन फाइलींमध्ये प्रत्येकी एकच कागद निघाला: तो करार. चौथ्या फाइलीत करारासोबत पुष्पगुच्छाचं बिल होतं.

हा लेख तिघांसाठी आहे: विद्यापीठाचे व्यवस्थापन विभाग, संलग्न एमबीए संस्था, आणि २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, मान्यतेखाली आलेली बीबीए महाविद्यालयं. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. यातली बहुतेक कामं सगळ्यांना येतात, ती उलटी केली जातात एवढंच.

## सुरुवातीआधी: चार गोष्टी वेगळ्या करा

बैठकीत हे चार शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि घोळ तिथून सुरू होतो.

सहकार्य म्हणजे दोन संस्थांनी मिळून करायचं काम. मानांकन म्हणजे बाहेरच्या संस्थेने ठरलेल्या निकषांवर तुमची तपासणी करून दिलेला, मुदत असलेला निर्णय. क्रमवारी म्हणजे देशी एनआयआरएफ, परदेशी क्यूएस वगैरे याद्यांतला तुमचा क्रमांक. सदस्यत्व म्हणजे वर्गणी भरून मिळालेलं नाव. एएसीएसबी या मानांकन संस्थेचं सदस्यत्व घेतलं म्हणजे तिचं मानांकन मिळालं, असं होत नाही. तरीही माहितीपत्रकावर चिन्ह छापलं जातं आणि नंतर ते काढा म्हणून पत्र येतं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने २००७ साली सुरू झालेल्या, जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाच्या पीआरएमई उपक्रमावर सही करणं चांगलंच, पण तीसुद्धा बांधिलकी आहे, मानांकन नाही.

तपासा: संकेतस्थळ, माहितीपत्रक आणि लेटरहेडवरचं प्रत्येक चिन्ह या चारपैकी कशात मोडतं, ते एका कागदावर लिहा. कशातच मोडत नसेल ते आजच काढा.

## टप्पा १: घरचे कागद

याला पूर्ण एक सत्र द्या. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे अर्ज याच माहितीवर चालतात.

मागच्या तीन वर्षांचे चार तक्ते करा: शिक्षक, विद्यार्थी, अभ्यासक्रम, पैसा. शिक्षकांच्या तक्त्यात पदवी, विषय, शिकवलेले तास, मागच्या पाच वर्षांतलं संशोधन आणि उद्योगातलं काम. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात प्रवेश, उत्तीर्ण, नोकरी, उच्च शिक्षण, आणि मध्येच सोडून गेलेले. सोडून गेलेल्यांचा रकाना कुणी भरत नाही, आणि मूल्यांकन करणारा माणूस नेमका तिथेच बोट ठेवतो.

आपल्याकडच्या दोन अडचणी पुणे-मुंबईच्या मार्गदर्शकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, विद्यापीठाचं नाव. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. तुमच्या एका प्राध्यापकाच्या पदवीवर जुनं नाव, दुसऱ्याच्या पदवीवर नवं आणि शोधनिबंधांवर 'एनएमयू', 'केबीसीएनएमयू' अशी लघुरूपं. परदेशातल्या वाचकाला ही तीन विद्यापीठं वाटतात. नामबदलाच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर प्रत्येक फाइलीत पहिल्या पानावर लावा, आणि इंग्रजी नावाचं एकच रूप ठरवून सगळ्यांना कळवा.

दुसरी, माणसांची नावं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांचे जुने निबंध तिसऱ्याच नावावर. प्रत्येक शिक्षकाचा ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढून घ्या, नाहीतर निम्मं संशोधन हिशेबातच धरलं जाणार नाही.

थांबा: तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) शिक्षक लपवू नका. सीएचबीवर किती तास चालतात ते स्पष्ट लिहा. का, ते टप्पा ७ मध्ये कळेल.

## टप्पा २: आपल्याकडे देण्यासारखं काय आहे

परदेशी संस्थेला लिहिलेल्या पत्रांत मला नेहमी वातानुकूलित वर्ग, वाय-फाय आणि 'निसर्गरम्य परिसर' वाचायला मिळतो. जर्मनीतल्या किंवा फिनलंडमधल्या संस्थेकडे वर्गखोल्या आहेत. तिच्याकडे रावेर नाही.

रावेर-यावल पट्ट्यातली केळी उत्तर भारतात आणि आखाती देशांत जाते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बागेपासून पिकवणी केंद्रापर्यंत भाव कोण ठरवतो, नुकसान कुणाच्या अंगावर पडतं, शीतसाखळी कुठे तुटते, हा पुरवठा साखळीचा जिवंत अभ्यास आहे. जळगावचा सराफ बाजार हा विश्वासावर चालणाऱ्या कौटुंबिक व्यवसायाचा नमुना. जळगावच्या डाळ मिल आणि चटई उद्योग, नंदुरबारचा मिरची बाजार, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, शिरपूरचं पाण्याचं काम, सातपुड्यातले महिला बचत गट. अमळनेर तर जगभरच्या व्यवस्थापन वर्गात सांगता येईल: १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली.

यातली फक्त दोन क्षेत्रं निवडा. निवडताना तीन प्रश्न विचारा. आपल्या एखाद्या शिक्षकाने त्यावर काही लिहिलं आहे का? तिथले व्यापारी, शेतकरी किंवा कारखानदार आपल्या विद्यार्थ्यांना दारात उभं करतात का? आणि हा विषय परदेशातल्या कुठल्या अभ्यासक्रमात बसतो? तिन्हींची उत्तरं मिळाली की दोन पानांचं टिपण करा. अहिराणीत शेतकऱ्याची मुलाखत घेऊन ती नीट इंग्रजीत मांडू शकणारे विद्यार्थी तुमच्याकडे आहेत, हेही त्यात लिहा. बाहेरच्या संशोधकाला हे विकत घेता येत नाही.

## टप्पा ३: देशी मानांकन आधी

याला पर्याय नाही, म्हणून थोडक्यात. नॅक संस्थेचं मूल्यांकन करते, एनबीए अभ्यासक्रमाचं. दोघांसाठी ठरावीक तुकड्या बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. नॅकची पद्धत सध्या बदलते आहे, तेव्हा शेजारच्या कॉलेजची जुनी फाइल नमुना म्हणून वापरू नका, चालू नियमपुस्तिका डाउनलोड करा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक: "आम्हाला एनबीए आहे, म्हणजे आमची एमबीए पदवी वॉशिंग्टन करारानुसार परदेशात मान्य." नाही. २०१४ साली एनबीए ज्या वॉशिंग्टन कराराची पूर्ण सदस्य झाली तो अभियांत्रिकी पदव्यांसाठी आहे. एमबीएचा त्याच्याशी संबंध नाही. प्रवेशाच्या जाहिरातीत हे वाक्य असेल तर ती विद्यार्थ्यांची दिशाभूल ठरते.

एनबीएसाठी केलेलं सीओ-पीओचं, म्हणजे विषयाची आणि अभ्यासक्रमाची फलितं ठरवून मोजण्याचं, काम मात्र जपून ठेवा. टप्पा ८ मध्ये त्याचा थेट उपयोग आहे.

## टप्पा ४: भागीदार शोधणं आणि पहिलं पत्र

नामांकित विद्यापीठांच्या मागे लागू नका. त्यांच्याकडे अशी शेकडो पत्रं येतात. तुमच्या दोन क्षेत्रांवर काम करणारा एक प्राध्यापक शोधा. शेतमालाची पुरवठा साखळी, कौटुंबिक व्यवसाय, सहकारी संस्था, जे असेल ते. त्याचे निबंध वाचा. मग आपल्या शिक्षकाने त्या प्राध्यापकाला लिहायचं. संचालकांनी कुलगुरूंना लिहिलेलं पत्र परदेशी कार्यालयात एका फोल्डरमधून दुसऱ्यात फिरत राहतं.

पत्र दीड पानाचं. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या कामाशी आपला काय संबंध, दुसऱ्यात आपल्याकडची क्षेत्रं, तिसऱ्यात चार आठवड्यांचा एक नेमका प्रस्ताव. 'रिस्पेक्टेड सर, विथ फोल्डेड हँड्स' नको. करार हा शब्द पहिल्या पत्रात अजिबात नको.

काही व्यवहारी गोष्टी:

- युरोपात उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तराची वाट पाहू नका. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी हे महिने बरे.
- जर्मनी उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आपली सकाळी ११ ची बैठक म्हणजे हिवाळ्यात त्यांचे साडेसहा. दुपारी ३ नंतरची वेळ द्या.
- युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतल्या विद्यार्थी-शिक्षक देवाणघेवाणीचा अर्ज युरोपातली संस्था करते. आपण भागीदार असतो, थेट अर्जदार नाही. 'इरॅस्मसचा फॉर्म भरून देतो' म्हणून पैसे मागणारा सल्लागार भेटला तर दार दाखवा.

थांबा: मानांकन विकणारी दुकानंही आहेत. तीन आठवड्यांत, भेटीशिवाय, 'ग्लोबल' किंवा 'इंटरनॅशनल' नावाचं प्रमाणपत्र आणि वर संचालकांना मानद डॉक्टरेट. ओळखायची खूण सोपी आहे: निकष जाहीर आहेत का, नकार मिळालेल्या संस्था असतात का, भेटीला सहव्यवसायी प्राध्यापक येतात का. अमेरिकी संस्थांसाठी सीएचईएची, म्हणजे मानांकन संस्थांनाच मान्यता देणाऱ्या परिषदेची, यादी बघतात, पण तीही आंधळेपणाने नको. एएसीएसबी २०१६ मध्ये स्वतःहून त्या मान्यतेतून बाहेर पडली, म्हणून ती खोटी ठरत नाही.

## टप्पा ५: करार न करता एक छोटं काम

सगळ्या प्रक्रियेतला हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच वगळला जातो.

चार ते सहा आठवड्यांचा संयुक्त ऑनलाइन उपक्रम करा. याला परदेशी लोक 'कॉइल' म्हणतात. दोन्हीकडचे विद्यार्थी मिश्र गटांत एका प्रश्नावर काम करतात. उदाहरणार्थ, एका गटात आपले तीन आणि त्यांचे दोन विद्यार्थी. प्रश्न: केळीच्या एका घडाचा शेतातला भाव आणि तिथल्या सुपरमार्केटमधला भाव यांत कोणकोणते खर्च बसतात? आपले विद्यार्थी सावद्याला किंवा रावेरला जाऊन माहिती आणतात, त्यांचे विद्यार्थी तिथल्या दुकानात जाऊन.

क्रम असा ठेवा.

१. आधी वेळापत्रक जुळवा. आपल्या एमबीएच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्यांमुळे लांबतात, म्हणून पहिल्या सत्रातले विद्यार्थी धरू नका. तिसऱ्या सत्रातले घ्या. दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि त्यांची नाताळची सुट्टी यांच्यामध्ये जी फट उरते तीच तुमची वेळ.

२. विद्यार्थी १५ ते २० पेक्षा जास्त नकोत. पहिल्याच वेळी ६० मुलं घेऊन बसलेल्या संस्थेत शेवटच्या आठवड्यात ११ उरल्याचं मी पाहिलं आहे.

३. इंग्रजीची भीती आधी घालवा. दोन आठवडे फक्त बोलण्याचा सराव. यासाठी बाहेरचा प्रशिक्षक लागत नाही, मागच्या वर्षीची मुलं पुरतात.

४. गुण कसे द्यायचे ते लिहून ठरवा. संलग्न संस्थेला अभ्यासक्रम बदलता येत नाही, पण अंतर्गत मूल्यमापनाचा काही भाग या कामाला देता येतो. विभागाच्या सभेत ठराव घ्या.

५. पहिल्याच दिवशी पुराव्यांचं फोल्डर उघडा: हजेरी, आराखडा, विद्यार्थ्यांची कामं, गुणदान, अभिप्राय. शेवटी जमा करू म्हटलं की झूमचं रेकॉर्डिंग उडालेलं असतं.

६. विद्यार्थ्यांची माहिती पाठवताना त्यांची लेखी संमती घ्या. युरोपात माहिती संरक्षणाचा जीडीपीआर कायदा २०१८ पासून लागू आहे, आपल्याकडेही २०२३ चा कायदा झाला आहे. आधार कार्डांचा गठ्ठा ईमेलने पाठवणं हा आपला जुना रोग, तो इथे नको.

वीज आणि नेट या दोन्हींची पर्यायी सोय ठेवा. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं सुट्टीत घरी गेली की संपर्क तुटतो. त्यांच्यासाठी गटकाम संस्थेत असतानाच संपवा, नाहीतर नेमकी तीच मुलं गळतात.

तपासा: उपक्रम संपल्यावर दोन्ही बाजूंच्या शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: पुन्हा कराल का? उत्तर 'बघू' असेल तर भागीदार बदला. कागद झालेला नाही, कुणाचंही नुकसान नाही.

## टप्पा ६: आता करार

एक काम झालं आहे, दुसरं ठरलं आहे. आता कागद करा.

मुख्य करार दोन पानांचा, आणि जे खरं काम आहे ते परिशिष्टात. परिशिष्टात हे हवंच: कोणतं काम, दरवर्षी किती विद्यार्थी किंवा शिक्षक, खर्च कोणाचा, दोन्हीकडचा जबाबदार माणूस, पदनामासह. नुसतं नाव लिहिलं तर तो माणूस निवृत्त झाल्यावर करारही निवृत्त होतो. मुदत तीन किंवा पाच वर्षं. आणि एक कलम जे बहुतेक जण विसरतात: करार मध्येच संपला तर तेव्हा शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचं काय.

श्रेयांकांचं (क्रेडिटचं) कोष्टक परिशिष्टातच ठेवा. युरोपात पूर्णवेळ वर्षाला ६० ईसीटीएस (युरोपीय श्रेयांक) धरतात, आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४०. म्हणजे आपला एक श्रेयांक ढोबळमानाने दीड ईसीटीएस. 'एकास एक' असं लिहून सही केली तर आपली मुलं तिकडे कमी काम करून इकडे जास्त श्रेयांक घेऊन येतात, आणि तिकडून आलेल्या मुलांचं उलट होतं.

सही कोणाची? विद्यापीठ विभाग असेल तर विभागप्रमुखाची सही पुरत नाही. प्रस्ताव विद्यापीठाच्या अधिकार मंडळांसमोर जातो आणि विद्यापीठाच्या वतीने सही कुलसचिवांची असते. यात महिने जातात, ते आधीच धरा. संलग्न संस्थेने आपल्या पातळीवरची देवाणघेवाण, संयुक्त वर्ग, परिषद यांचा करार करावा. पदवी देण्याची भाषा मात्र करू नये, कारण पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा आहे.

आणि पदवीचा विषय निघालाच तर यूजीसीची २०२२ ची विनियमावली समोर ठेवा. तिच्यात तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये, म्हणजे पदवी भारतीय संस्थेची पण काही भाग परदेशात, तिथे ३० टक्क्यांपेक्षा जास्त श्रेयांक घेता येत नाहीत. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांचे किमान ३०-३० टक्के लागतात. दुहेरी पदवीत, म्हणजे दोन्ही संस्था वेगवेगळी पदवी देतात तेव्हा, भारतीय संस्थेत किमान ३० टक्के. भारतीय संस्थेसाठी नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पहिल्या १०० त स्थान, किंवा 'उत्कृष्ट संस्था' दर्जा अशी अट आहे. परदेशी संस्थेचं क्यूएस किंवा टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीतलं स्थानही बघितलं जातं. फ्रँचायझी पद्धतीला मनाई आहे. 'तुमच्याकडे शिकवा, पदवी आम्ही देतो' असा प्रस्ताव आला तर तो इथेच संपतो.

थांबा: ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणून त्यावर करार छापायची घाई नको. समोरच्यांना आपल्या मुद्रांकाचं काही देणंघेणं नसतं. तो लागतो का हे संस्थेच्या वकिलांना विचारा, आणि मूळ मजकूर दोघांनी मान्य केल्यावरच विचारा.

झाली सही? काढा फोटो.

## टप्पा ७: आंतरराष्ट्रीय मानांकन निवडणं

इथे महत्त्वाकांक्षा आणि वास्तव यांची गाठ पडते. थेट सांगतो: खान्देशातल्या बहुतेक संलग्न संस्थांनी पुढची तीन-चार वर्षं हा टप्पा फक्त वाचावा. विद्यापीठ विभाग आणि स्वायत्त संस्थांनी मात्र आज हिशेब मांडावा.

कोणती संस्था काय बघते, ते आधी:

एएसीएसबी ही अमेरिकेतली, १९१६ साली स्थापन झालेली संस्था. ती तुम्हाला तुमच्याच ध्येयाच्या मापाने मोजते. आपल्यासारख्यांना ही सोयीची बाजू. पण शिक्षक, शिकण्याची खातरजमा आणि समाजावरचा परिणाम यांचे पुरावे कडक मागते.

इक्विस ही ब्रसेल्सच्या ईएफएमडीची पद्धत. संपूर्ण संस्था, आणि आंतरराष्ट्रीयपणावर मोठा भर. मानांकन तीन किंवा पाच वर्षांचं. एकाच अभ्यासक्रमासाठी ईएफएमडीचं वेगळं मानांकनही आहे.

लंडनची आम्बा, स्थापना १९६७. इथे आपल्याकडचे बहुतेक जण पहिल्याच अटीला अडखळतात: एमबीए विद्यार्थ्याला पदवीनंतर किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. आपल्या वर्गात बीकॉम, बीएस्सी, बीई करून थेट आलेली मुलं. अर्जाची फी भरायच्या आधी आपला वर्ग मोजा.

एसीबीएसपी, १९८८ पासून, अध्यापनावर भर. संशोधनात मागे पण शिकवण्यात पक्क्या असलेल्या संस्थेला विचार करण्यासारखी. आणि दक्षिण आशियासाठी ॲम्डिसा या हैदराबादस्थित संघटनेची 'सॅक्स' पद्धत. तिचा आपल्याकडे फारसा विचार होत नाही, पण पहिल्या पायरीसाठी मला ती समजूतदार निवड वाटते.

आता सीएचबीचा हिशेब. एएसीएसबीच्या २०२० च्या निकषांत शिक्षकांचे 'सहभागी' आणि 'पूरक' असे दोन गट आहेत. एकूण अध्यापनापैकी किमान ७५ टक्के आणि प्रत्येक विषयशाखेत किमान ६० टक्के सहभागी शिक्षकांनी करावं अशी अपेक्षा असते. समजा सत्रात एकूण २४० तास आठवडी अध्यापन आहे आणि त्यातले ८० सीएचबीवर. उरले १६०, म्हणजे ६७ टक्के. नापास. वित्त विषयाचे ६० तास असून निम्मे बाहेरच्या सीएकडे असतील तर तिथेही ५० टक्के. पुन्हा नापास.

पण सहभागी म्हणजे कायमस्वरूपी असं नाही. जो शिक्षक वर्गाबाहेर प्रकल्प मार्गदर्शन, अभ्यासक्रम समिती, विद्यार्थी समुपदेशन यांत नियमित असतो, तो सहभागी. याची व्याख्या तुम्हीच लेखी करायची असते आणि ती प्रत्यक्षात पाळायची असते. सीएचबीच्या शिक्षकाला त्या कामाचं मानधन न देता फक्त कागदावर सहभागी दाखवू नका. भेटीत समिती त्याच्याशी एकटीच बोलते.

दुसरा हिशेब पात्रतेचा: किमान ४० टक्के शिक्षक 'विद्वत्तापूर्ण शैक्षणिक' गटात, म्हणजे पीएचडी आणि ताजं संशोधन असलेले, आणि एएसीएसबीने ठरवलेले चारही पात्र गट मिळून किमान ९० टक्के. पंधरा वर्षांपूर्वीची पीएचडी आणि नंतर काहीच नाही, तर तो माणूस या ४० त मोजला जात नाही. हे शिक्षकांना सांगणं अवघड जातं. अर्ज करायच्या आधी सांगा, नंतर भांडण होतं.

संलग्न संस्थेची खरी अडचण वेगळी आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, निकाल विद्यापीठाचा. मग सुधारणा तुम्ही कशात करणार? दोनच वाटा: स्वायत्तता घेणं, किंवा अभ्यास मंडळावर आपला माणूस पाठवून तिथे पुराव्यासह बदल मागणं.

तपासा: खर्चाचा तक्ता करताना सदस्यत्व, अर्ज, भेट आणि वार्षिक शुल्क वेगवेगळं लिहा. रक्कम डॉलर-युरोत जाते, त्यावर करकपात आणि जीएसटी लागू होतो का हे सीएकडून लेखी घ्या. परदेशातून देणगी किंवा अनुदान येणार असेल तर एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. पैसे आधी आणि नोंदणी नंतर, ही वरातीमागून घोडं नाचवण्याची हौस इथे गुन्हा ठरते.

## टप्पा ८: पात्रता अर्जापासून भेटीपर्यंत

एएसीएसबीचा क्रम उदाहरण म्हणून घेतो: सदस्यत्व, पात्रता अर्ज, मार्गदर्शकाची नेमणूक, प्रारंभिक आत्मपरीक्षण अहवाल, त्यातल्या उणिवांवर दरवर्षीचा प्रगती अहवाल, मग अंतिम अहवाल आणि समितीची भेट. सगळं मिळून साधारण चार ते सात वर्षं. म्हणून पाच वर्षांनी निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या एकट्याच्या खांद्यावर हे टाकू नका. एक तरुण प्राध्यापक पहिल्या दिवसापासून सोबत हवा.

आत्मपरीक्षण अहवालात सर्वात जास्त अडतं ते 'शिकण्याची खातरजमा' या भागात. एनबीएची सीओ-पीओची आकडेमोड तशीच चिकटवली जाते. तिथे टक्केवारी असते, इथे गोष्ट हवी असते: काय मोजलं, काय कमी आढळलं, काय बदललं, पुन्हा मोजलं तेव्हा काय दिसलं. समजा ध्येय आहे, 'विद्यार्थी स्थानिक व्यवसायाच्या आकड्यांवरून निर्णय मांडू शकेल.' केळी व्यापाऱ्याच्या हिशेबावर सादरीकरण घेतलं आणि निम्म्या मुलांना नफा आणि रोख रक्कम यांतला फरक मांडता आला नाही. मग पुढच्या सत्रात त्या भागाला दोन तासिका वाढवल्या, पुन्हा तसंच सादरीकरण घेतलं, निकाल लिहिला. हे एक चक्र. प्रत्येक ध्येयासाठी अशी दोन चक्रं पूर्ण झाली की हा भाग आपोआप लिहून होतो. निकाल सुधारला नाही तरी लिहा. सगळंच ९० टक्के दाखवणाऱ्या अहवालावर कुणी विश्वास ठेवत नाही.

अहवाल कॉपी करू नका, सल्लागाराकडून लिहून घेऊ नका. भाषा तपासून घेणं वेगळं. 'आमच्या जागतिक दर्जाच्या' असं वाक्य आलं की ते खोडा आणि तिथे एक आकडा लिहा.

भेटीची तारीख मे महिन्यात देऊ नका. भुसावळ-जळगावात पारा ४४-४५ वर जातो आणि वर्गही रिकामे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाहुणे संस्थेच्या वसतिगृहात किंवा अतिथीगृहात राहणार असतील तर परदेशी नागरिकाची ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत करावी लागते. कामाला येणाऱ्यांनी पर्यटक व्हिसावर येऊ नये, हे निमंत्रणपत्रातच लिहा. जळगावच्या विमानसेवेचं वेळापत्रक बदलत असतं, म्हणून संभाजीनगर किंवा मुंबईहून येण्याची पर्यायी सोय ठेवा.

कार्यक्रमात स्वागतगीत, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन मिळून पंधरा मिनिटं. एका भेटीत सत्कारावर दीड तास गेला आणि विद्यार्थ्यांशी बोलायची वेळ कापली गेली. समितीने नोंद केली ती त्याचीच. विद्यार्थ्यांना उत्तरं पाठ करायला लावू नका. माजी विद्यार्थी, उद्योजक आणि सीएचबी शिक्षक यांच्या वेगळ्या बैठका ठेवा आणि त्या खोलीत संचालकांनी बसायचं नाही. जेवणात शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि भरीत जरूर ठेवा, पण तिखटाची सूचना आदल्या दिवशी स्वयंपाकघरात द्या.

निघण्याआधी समिती तोंडी निरीक्षणं सांगते. तेव्हा वाद घालू नका, दोघांनी स्वतंत्र टिपणं घ्या. लेखी अहवाल आला की ही टिपणं, अहवाल आणि टप्पा १ चे तक्ते एका टेबलावर ठेवून बसा, आणि ज्या उणिवेवर सगळ्यांचं बोट आहे तिच्यावर त्याच आठवड्यात माणूस नेमा.